फळीवरचं चौथं नाव

वैशाखातली टळटळीत दुपार होती. कुरकुंभच्या अलीकडच्या वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. माणसं रानात, नाहीतर कंपनीत पहिल्या पाळीला. कुशाबाई एकटीच लसूण सोलत बसली होती, तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. वस्तीवरची कुत्री कशी भुंकली नाहीत, हे तिला पुढेही कधी उमगलं नाही.

पांढरा शर्ट, छातीला बिल्ला, काखेत फाईल. "आजी, दौंडच्या कचेरीतून आलोय. तहसीलदारसाहेबांनी पाठवलंय. जरा पाणी द्या."

सरकार दारात आलं की आपली माणसं आधी अंथरायला काहीतरी शोधतात आणि विचार मागाहून करतात. कुशाबाईने घोंगडी अंथरली, तीही आत, भांड्यांच्या फळीसमोर, कारण गारवा तिथेच होता.

सत्त्याण्णव साल होतं ते. कारखाने आल्यापासून रस्त्याकडेच्या रानावर सगळ्यांचा डोळा, आणि कुशाबाईचं दोन एकर अगदी रस्त्याला लागून. मेंढरं विकून नवऱ्याने हयातीत घेतलेलं. तिला आणि विधवा सुनेला दुसरं काहीच नव्हतं.

"सातबाऱ्यावरची मयतांची नावं काढायचं काम निघालंय," पाणी पिऊन तो म्हणाला. "आज अंगठा दिला नाहीत, तर रान सरकारजमा."

कुशाबाईने हात मागे घेतला. "माझ्या सुनंला येऊंद्या. सिंधू सातवी शिकलीया."

"मला अजून चार वस्त्या करायच्यात. आणि घाबरता कशाला? तुमच्या घराची सगळी नोंद आहे आमच्याकडे." त्याने कागदावर बोट ठेवलं आणि थांबत थांबत वाचू लागला. "रखमाजी बिरू टेंगले."

"व्हय. आमचं मालक."

"सिंधूबाई हनुमंत टेंगले."

"सून माझी."

"हनुमंत रखमाजी टेंगले. हे गेले. चौऱ्याण्णव साली, श्रावणात."

ते कुशाबाईच्या लेकाचं नाव. तीन वर्षं ते नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सून नवऱ्याचं नाव घ्यायची नाही आणि म्हातारी रडेल म्हणून वस्तीवरचे लोकही टाळायचे. या परक्या माणसाने ते सहज उच्चारलं आणि तिला त्याच्याविषयी मायाच वाटली. ज्याला एवढं ठाऊक, तो खोटा कसा असेल?

"ज्ञानदेव हौशीराम शेंडगे. हेही मयत."

"ह्यो कोन?"

"तुमच्याच घरात नोंद आहे, आजी."

"ह्या नावाचं कुनी नव्हतंच हितं."

"यादीत आहे म्हणजे होते," तो शांतपणे म्हणाला.

भर उन्हाळ्यात तिच्या अंगावर काटा आला. आपल्याला पत्ता न लागता कुणीतरी या घरात राहून, जेवून, मरूनही गेलं की काय! आतल्या अंधाराकडे मान वळवायचीही तिला भीती वाटली. शाईच्या पेटीवर त्याने तिचा अंगठा दाबला, तोही तिने मुकाट्याने दाबू दिला.

त्याने कागद पुढे केला. अंगठ्याची जागा अगदी तळाशी. वर सगळं पांढरं.

"वर कायच कसं लिवल्यालं न्हाई?"

"ते कचेरीत लिहितात."

तिने भीत भीत त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, कागदाकडेही नाही. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे फळीवर होती.

कुशाबाईला अक्षर येत नव्हतं, पण नावं घातलेली भांडी पोच्यांवरून पाठ होती. पहिला हंडा, तिच्या लग्नात नवऱ्याच्या नावाचा. मग सुनेची कळशी. मग हनुमंताच्या वर्षश्राद्धाला नाव-तिथी घालून वाटलेल्या डब्यांतला एक. आणि चौथा तांब्या. तो तिचा नव्हताच! दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या पंगतीत तिचा पोचा पडलेला तांब्या कुणीतरी नेला आणि हा परका घरी आला. कुणाचा, ते कधी कळलं नाही.

तिने अंगठा मुठीत लपवला. "साहेब, त्येच्या म्होरं आजून कोन हाय?"

तांब्याशेजारी कालच मागून आणलेलं मोठं पातेलं होतं. त्याचे डोळे हळूच वर गेले. "सर्जेराव आबाजी ढमाले," तो म्हणाला. "मयत."

"सरपंच हायती त्ये," कुशाबाई म्हणाली. "सकाळीच बोलून गेल्यात दारावरनं. बोलवू?"

तो जरासा हसला, फाईल मिटली आणि गेला. ती धडपडत दारात आली, तर रस्ता दोन्हीकडे रिकामा. कुत्री सावलीत निवांत पडलेली.

त्याच दुपारी पलीकडच्या वस्तीवर चांगुणा नावाच्या बाईने अंगठा दिला. तिलाही त्याने तिच्या मेलेल्या माणसांची नावं वाचून दाखवली होती.

सिंधू रानातून आली तशा दोघी फळीपाशी उभ्या राहिल्या आणि एकेक भांडं नाव भिंतीकडे करून ठेवू लागल्या. डबा हातात आला तशी कुशाबाई थांबली. शाईचा अंगठा त्यावर उमटला होता.

"ह्येच्यावरचं वाच."

"तुमास्नी ठावं हाय की, आत्या."

"ठावं हाय. पन तीन वर्सांत त्या चोरानंच तेवढं त्येचं नाव घेतलं ह्या घरात. आता तू घे."

सिंधूने डबा हातात घेतला. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं.