महिपतने राखलेली चेन

पांढरं फडकं, हातरुमालाएवढं. कडेने शिवण घातलेलं.

एकशे अठरा कड्या.

भातकापणीनंतर वरंधच्या खाचरांतली ढेकळं एप्रिलपर्यंत अशी वाळतात, की मुठीत दाबली तर पूड होऊन बोटांच्या फटींतून सांडते. तांबडी, पिठापेक्षा थोडी जाड.

बिरवाडीतल्या एका चाळीत सहा खोल्या आहेत. सहाही दारं उघडताना आवाज करत नाहीत.

महाडमधल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यामागे पाटी आहे : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

*

"पाच महिन्यांत चेन जाते का कधी?" अक्षदाने काळ्या चेनचं वेटोळं अश्वजितच्या काउंटरवर ठेवलं. ठेवलं म्हणजे जवळजवळ टाकलंच. "डुप्लिकेट माल दिलात दादा तुम्ही."

गुरुवार होता. रविवारी पोलादपूरला मोटोक्रॉसची, म्हणजे मोटरसायकलींची शर्यत होती. कापलेल्या खाचरांत जेसीबीने मातीचे उंचवटे घातले होते आणि त्यांवरून गाड्या उडवत पळवायच्या होत्या. पहिल्या तिघांत आली तर नाशिकची एक टीम अक्षदाला घेणार होती. गाडी त्यांची, सराव त्यांचा. आणि बुधवारी वरंधच्या खाचरांतल्या सरावात उडी मारून गाडी खाली टेकली तशी चेन मागच्या चक्रावरून उतरली होती. तिचं कोपर सोलवटलं. चक्राचे दात आकड्यांसारखे वाकलेले होते.

तिचा काका महिपत मागे हेल्मेट धरून उभा होता. भाऊ गेल्यापासून पुतणी त्याच्याकडेच वाढली. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं माल वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या चेनला ग्रीस लावलं होतं. दर सोमवारी सुपरवायझर खिशातून पांढरं फडकं काढून चालत्या चेनवर धरायचा. फडकं काळं झालं नाही तर मेमो. महिपतला एकतीस वर्षांत एकही मेमो मिळाला नव्हता. डिसेंबरात अक्षदाच्या गाडीला नवी चेन बसवली, तेव्हापासून तिची निगाही त्यानेच ठेवली होती. रोज संध्याकाळी, न चुकता.

अश्वजितने वाद घातला नाही. त्याने चेन उचलली, एका कडीवरचं ग्रीस अंगठा आणि तर्जनीत घेतलं आणि बोटं कानाशी नेऊन चोळली. मग महिपतकडे बघितलं.

"देखभाल कोण करतं?"

"काका करतो," अक्षदा म्हणाली. "चेनमधलं त्याच्याएवढं तुमच्या अख्ख्या महाडात कुणाला कळत नाय."

अश्वजितने बोटं चिंधीला पुसली. आत जाऊन नव्या चेनचा खोका आणला, पुढचं-मागचं चक्र आणलं, पिशवीत भरलं. पाटी त्याच्या डोक्यामागेच होती. घेऊन जा, म्हणाला, कंपनीशी काय बोलायचं ते मी बघतो.

जुनी चेन मात्र महिपतने मागून घेतली.

*

परतीच्या वाटेवर अक्षदाने चहासाठी स्कूटर थांबवली आणि फोन काढला. तीन जिल्ह्यांतल्या शर्यतवाल्या पोरापोरींचा ग्रुप होता. तिने दुकानाचं नाव टाकून लिहिलं : इथून चेन घेऊ नका, पाच महिन्यांत उतरली, मी मरता मरता वाचले. काकाला वाचून दाखवलं. आत्ताच कशाला, असं काहीतरी महिपत पुटपुटला. तोवर मेसेज गेला होता. चहा संपेपर्यंत खाली अकरा जणांनी लिहिलं होतं.

*

बिरवाडीच्या चाळीत घरी आल्यावर महिपतने अंगणात परात घेतली, चेन तीत ठेवली, वरून रॉकेल ओतलं आणि ब्रशने घासायला बसला. पहिलं रॉकेल काळं झालं. ते जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळलं. दुसरं तपकिरी. तिसऱ्यापासून कापडावर लालसर गाळ राहू लागला, मेंदीसारखा. त्यातला थोडा त्याने स्टीलच्या पेल्यावर घासला. पेल्याची चमक तेवढ्या जागी गेली.

कारखान्यातली चेन छपराखाली चालायची. तिच्यावर माती पडायची नाही. तिथे जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी. इथे रोज त्याने कालच्या ग्रीसवर आजचं ग्रीस भरलं होतं. त्याला जी माती चिकटली ती आतच राहिली, आणि अक्षदाने जितकी गाडी पळवली तितकी ती माती चेनला आतून दळत राहिली. वर चेन झोळ पडलेली दिसली की तो मागचं चाक ओढून ती ताणून घ्यायचा. झोळ पडलेल्या चेनलाही कारखान्यात मेमो होता.

नवी चेन आली होती. मिटलं होतं सगळं. गाळ मोरीत ओतला असता तर कुणाला कळलं नसतं, आणि नव्या चेनची निगाही त्याच्याच हाती राहिली असती.

त्याने परात ओतली नाही.

"अक्षदा, हिकडं ये गो जरा."

ती कोपराला हळद लावत बाहेर आली.

"हात लाव ह्याला."

तिने गाळ बोटांत चोळला. "वाळू हाय."

"वाळू नाय. खाचरातली माती. मी ग्रीस लावायचो, ती चिकटायची. मी परत वरनं लावायचो. चेन माझ्यानं गेली. माल चांगला होता त्याचा."

अक्षदा परातीपाशी उकिडवी बसली.

"तुला कधी कळलं?"

"दुकानात. त्यानं कचकच ऐकायला बोटं कानाशी नेली तेव्हा."

"मग तिथंच का नाय बोललास?"

महिपतने ब्रश रॉकेलात बुडवला, काढला, परत बुडवला.

"तू बोललीस ना, अख्ख्या महाडात माझ्याएवढं कुणाला कळत नाय. ऐकायला बरं वाटलं."

ती उठून आत गेली, तेव्हा त्याला वाटलं की रागावली. ती फोन घेऊन आली. जुना मेसेज अजून पुसता येत होता, पण दोनशे जणांचा वाचून झाला होता. दुसरा लिहायला लागणार होता. काय लिहू, म्हणून विचारलं.

"माझं नाव लिही."

"नाव कशाला? चूक झाली एवढं लिहिते."

"नायतर लोकं म्हणतील, आतल्या आत मिटवलं. महिपतनं ग्रीस भरभरून चेन खराब केली, दुकानदाराचा दोष नाय. असं लिही. गावाचं नाव पण टाक."

तिने लिहिलं. फक्त महिपतच्या पुढे 'माझे काका' हे शब्द घातले. त्याला ते वाचून दाखवले नाहीत.

*

शुक्रवारी तो एकटाच सहा आसनी रिक्षाने महाडला गेला. अश्वजितने मेसेज वाचला होता. त्याने स्टूल पुढे केलं. चेन आणि चक्रांचे पैसे महिपतने काउंटरवर ठेवले, ते अश्वजितने न मोजता गल्ल्यात टाकले. मग चेन कशी राखायची ते महिपतने विचारलं, आणि अश्वजितने जे सांगितलं ते असं :

माती वाळू द्या, मग ब्रशने झाडा. जोराच्या पाण्याचा फवारा नको. रॉकेलने धुतली की कापडाने कोरडी करा. गाडी फिरून आली की चेन गरम असते, तेव्हा आतल्या बाजूने पातळ तेल सोडा, चाक फिरवत. थोडा वेळ जाऊ द्या. मग बाहेरून पुसून टाका.

"लावलेलं पुसून टाकायचं?" महिपतला हे पटेना.

"कडीतल्या रोलरच्या आत गेलं तेवढंच कामाचं. बाहेर राहिलं ते माती बोलावतं."

आणि ताणायची नाही. चेनखाली तीन बोटं जायला हवीत. माणूस बसला की ती आपोआप ताणली जाते. आधीच ताठ असली तर चेनच नव्हे, आतलं बेअरिंगही जातं.

महिपतने तीन बोटं जुळवून बघितली. एकतीस वर्षं झाली, तो म्हणाला, चेनला हात लावतोय.

"ती चेन वेगळी, महिपतराव. तिला कुठं उडी मारायची होती."

दोघेही जरासे हसले. निघताना अश्वजितने पातळ तेलाचा डबा दिला, त्याचे मात्र पैसे मोजून घेतले.

*

रविवारी चेन उतरली नाही. अक्षदा चौथी आली.

नाशिकची माणसं तिच्याशी बोलली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. सुटतानाच मागे पडले, असं तिने काकाला सांगितलं. त्यात चेनचा काही संबंध नव्हता. त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं.

मैदानाच्या कडेला, सागाच्या बेताच्या सावलीत तिने गाडी स्टँडवर घेतली. महिपत सवयीने पुढे झाला. पण ब्रश तिने स्वतःच्या हातात ठेवला होता. "तू चाक फिरव काका," ती म्हणाली. "सावकाश."

तो मागच्या चाकाशी बसला आणि चाक फिरवू लागला. ती माती झाडत होती, कडी कडी बघत होती. मध्येच थांब म्हणायची. तो थांबायचा. तेल सोडून झाल्यावर ती पुसायला लागली, तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली, पण हात चाकावरच ठेवला. एक फेरी, दोन फेऱ्या. पुढच्या गटाच्या गाड्या सुटल्या आणि तांबडा धुरळा दोघांवर येऊन बसला. त्याने आपल्या अंगाने चेनला आडोसा केला.

*

कारखान्यातला चेनचा कन्व्हेयर आदल्या नोव्हेंबरात, अक्षदाच्या गाडीला चेन बसवायच्या महिनाभर आधी, काढला होता. त्या जागी रबरी पट्टा आला, आणि महिपतला गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला बसवलं होतं. घरी त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.