बिनरंगाचा परगणा

नखाएवढा ठिपका. संगणकाच्या पडद्यावर धूळ बसली असेल म्हणून तिने बाहीच्या टोकाने पुसून पाहिला, मग बोट ओलं करून पुसला, आणि तरीही तो तिथेच – लाल राज्य आणि निळं राज्य यांच्या मधोमध, नदीच्या वळणावर, कुठल्याच रंगाचा नसलेला एक परगणा. नकाशाखाली चित्रकाराने कागदाचा पिवळट पोत घालून ठेवला होता, तो कुणाच्या दृष्टीस पडायचं कारणच नव्हतं; तो तिथे उघडा पडला होता, रंग उडालेल्या भिंतीसारखा... छे, भिंतीसारखा नव्हे. रंग अजून लावायचा असलेल्या भिंतीसारखा.

"ताई, तुमचं गाव बेवारस पडलंय," खोडकाढ्या मागून म्हणाला. खेळातल्या चुका शोधायचा पगार घेणारा हा माणूस चूक सापडली की घरात लग्न जमल्यासारखा खुलतो. "त्यावर बोट ठेवलं की खेळ विचारतो, मालक कोण? उत्तर मिळत नाही, बंद पडतो."

"कधीपासून असं?"

"खेळातली नऊ वर्षं. आपली सकाळपासून."

ऑफिसात तिला बंडवाली म्हणतात. काही तोंडावर, काही पाठीमागे. पाठीमागे म्हणणारे जास्त मायेने म्हणतात, हे तिने हिशेबात धरलेलं आहे. खेळातले राजे, तह, लढाया यांचे नियम लिहायची मानाची कामं इतरांकडे, तिच्याकडे बंडखोर. पूर्वी ते भूछत्रांसारखे उगवायचे – परगण्याच्या असंतोषाचा आकडा भरला की जमिनीतून हजारभर माणसं वर, हातात कोयते, डोक्यात काही नाही. खेळणारे पक्के, आकडा भरत आला की आधीच फौज आणून ठेवायचे, उगवले की झोडपायचे, आणि पुढे निवांत. मेले ते कुणाच्या घरचे? कुणाच्याच नाही. एवढे मेले आणि वजाबाकी कुठेच नाही! हे तिला खुपलं. म्हणून दोन वर्षं खपून तिने प्रत्येक बंडखोराला घर दिलं, शेत दिलं, एक तक्रार दिली. तो बंडात गेला की शेत पडीक, मेला की घरात एक ताट कमी, तक्रार मिटली की परत घरी. रागाचा इतका चोख जमाखर्च आजवर कुणी मांडला नसेल असं तिला वाटायचं – सकाळपर्यंत तरी वाटत होतं.

"मला तिथे कुणीतरी हवा," थोरले येऊन म्हणाले. थोरले म्हणजे कंपनीचे मालक. वयाने तिच्याहून लहान, पण सगळे थोरलेच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. "राजा नको तर डाकू दे, बैरागी दे. पण माणूस दे. खेळणाऱ्याने तिकडे काय नुसतं बघत बसायचं?"

"बघण्यासारखं आहे, सर."

"अगं, तू बघ ना, मी कुठे नाही म्हणतो! संध्याकाळी ही आवृत्ती बाहेर जाणार. तोवर एवढं मिटव. नाहीतर तुझं सगळं काढून जुनी भूछत्रं परत घालायला लागतील. मला हौस नाही, पण बंद पडणारा खेळ विकायचा कसा?"

थोरल्यांचं वाईट एवढंच, की ते बरोबर असतात.

आणि काम तर एका ओळीचं. बंड जिंकलं, की म्होरक्याच्या डोक्यावर मुकुट. ही ओळ राहिलीच कशी? का उठतील ते लिहिलं, किती दिवस लढतील, कसे फुटतील, कुठल्या आमिषाने परततील तेही लिहिलं... जिंकल्यावर काय, हे लिहायचं सुचलंच नाही. दोन वर्षांत एकदाही वाटलं नाही मला, की ही माणसं जिंकतील. इतकी त्यांची कड घेतली म्हणे आणि आतून आपण त्या फौजेच्याच बाजूला उभ्या होतो – हे कुठल्या खात्यात टाकायचं?

तिने खेळातला काळ मागे नेला आणि परगणा पाहत बसली. मिठावरचा कर वाढला, डोंगरातली घरं उठली, सुभेदार पळाला. जिंकलेली माणसं गढीसमोर एक मोसमभर नुसती उभी राहिली, कारण पुढचा हुकूमच नव्हता. मग, मिठाची तक्रार मिटली आहे असं दिसल्यावर, एकेक करून घरी गेली. नांगर धरले. मालकाची जागा रिकामी. असंतोषाच्या जागी शून्यही नाही – नुसती मोकळी चौकट, कारण असंतोष कुणावर, हे ठरल्याशिवाय आकडा पडत नाही. शेजारच्या राजांचे वकील वाटेतून परत फिरत होते. युद्ध पुकारायला समोर कुणीतरी लागतो. व्यापारी मात्र येत होते. आणि चौथ्या वर्षी नदीवर पूल उभा राहिला.

पूल? तिने शोध शोध शोधलं. शेवटी स्वतःचीच एक ओळ सापडली, कधीतरी थातूरमातूर टाकलेली – वसूल न झालेलं धान्य वाया जाऊ नये म्हणून ते जवळच्या बांधकामाकडे वळवावं. बास, एवढंच. बाकी मी नाही लिहिलं. यातलं काहीच मी नाही लिहिलं...

लहानपणच्या इमारतीत एक अध्यक्ष होते, गच्चीला कुलूप लावणारे आणि सायकलींवर दंड बसवणारे. एका सभेत सगळ्यांनी मिळून त्यांना पाडलं, आणि मग गंमत अशी की त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. ‘मला वेळ कुठे’ यावर सगळ्या मजल्यांचं प्रथमच एकमत झालं. त्या वर्षी इमारत बुडेल असं बाबा रोज सांगायचे. बाबा म्हणजे घरात पाण्याचा पेला जागचा न हलवणारा माणूस. आणि एका दुपारी शाळा लवकर सुटून ती जिना चढत आली, तर तिसऱ्या मजल्यावर स्टुलावर कुणीतरी उभं – ऑफिसचे कपडे, तोंडात रुमाल, हातात दिवा. बाबा. तिला पाहून ते चोरी पकडल्यासारखे दचकले. "कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी नवे अध्यक्ष आले, पावतीपुस्तक आलं, आणि जिन्यातला दिवा गेला की बाबा पुन्हा दारातून ओरडू लागले, ‘काय करतात काय हे लोक?’

मुकुट घातला की काय होतं, हे तिला माहीत होतं.

म्हणून तिने आडवाट काढली. मालकाच्या जागी एक पोकळ नाव भरलं – ‘कुणीच नाही’. खेळ बंद पडेना. खोडकाढ्याने टाळी दिली. पण तिने वर्ष पुढे ढकललं तर लाल राजाने ‘कुणीच नाही’विरुद्ध युद्ध पुकारलं, महिन्याने निळ्यानेही, आणि हिवाळ्याच्या आत पूल जळाला.

"नाव मिळालं ना, ताई," खोडकाढ्या म्हणाला. "आता पत्ता सापडला त्यांना." यावेळी तो खुलला नव्हता.

तिने ते नाव पुसलं. काळ मागे घेतला. पूल पुन्हा उभा.

मग का कुणास ठाऊक, तिने फोन लावला.

"बाबा, आपल्या जुन्या इमारतीत अध्यक्ष नव्हते त्या वर्षी जिन्यातले दिवे तुम्ही बदलायचात ना?"

"मी? छे. जेवलीस का?"

"मी पाहिलंय तुम्हाला. तिसऱ्या मजल्यावर."

"असेल एखादा... दिवे ती वरची शिवणवाली करायची. तिनेच सांगितलं होतं, बोलू नका म्हणून." मग, जरा नाराजीनेच, "मी टाकी बघायचो."

टाकी. त्या वर्षीचं पाणी ती प्यायली होती... पितळी नळाखाली ओंजळ धरून, खेळून आल्यावर घटाघटा, आणि ते स्वच्छ होतं हे कधी मनातही आलं नाही. एक दिवा पाहिला आणि हिशेब पुरा झाला असं धरून चालली इतकी वर्षं. मग जिना कोण झाडत होतं? आणि गच्चीचं ते कुलूप – ते कुणी काढलं होतं?

"झालं का, ताई? थोरले विचारतायत," पलीकडून खोडकाढ्या.

मुकुटाची ओळ लिहून तयार होती. फक्त खेळात घालायची होती. पडद्यावर कापणीचा महिना चालू होता. कुणाच्या घरात किती माणसं, किती धान्य, किती राग, सगळं तिनेच भरलेलं – आणि तरी आता वाटत होतं की या माणसांबद्दल आपल्याला फारसं काही ठाऊक नाही, परक्या गावात ओसरीवर कुणी बसू दिलं आहे इतकंच, आणि आतल्या खोल्यांतून काम चाललेलं ऐकू येतंय, कोण ते दिसत नाही... हाक आली होती, उत्तर द्यायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आतलं काम थांबेल म्हणून मोठ्याने बोलायला आपल्याला संकोच वाटतो आहे.