माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुना टेबल आहे. पण म्हणून तुमचं दप्तर माझ्यावर ठेवू नका. ते हळूहळू घसरत मोरीकडच्या कोपऱ्यात जाईल आणि तुम्ही उगाच शेजारच्या मुलावर आळ घ्याल.

मी पूल खेळायचा टेबल आहे. वर हिरवं कापड, कडेला सहा पॉकेटं, आणि लांब निमुळत्या काठीनं त्या पॉकेटांत घालायचे रंगीत बॉल, एवढाच हा खेळ. आपल्या देशाचा संघ हा खेळ खेळायला परदेशी जायचा आणि हरून यायचा. मग मोठी माणसं हरण्याचं कारण शोधायला बसायची. कुठे बसायची? माझ्याभोवती. चहाचे कप कुठे ठेवायची? माझ्यावर. कारण बिचारं त्या कपांच्या खालीच असायचं. मला तोंडं सहा आहेत, पण बोलायच्या कामाचं एकही नाही, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. आता राहवत नाही.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. चौकट सागवानी आणि पोट दगडाचं. तुमचे आजोबा ज्या पाटीवर बाराखडी गिरवत, तोच दगड, फक्त जाड आणि लांबरुंद. कारागिरांनी तो इतका घासला की त्यावर ठेवलेला बॉल कुठे जावं याचा विचार करत जागच्या जागी उभा राहायचा. जन्मतः मी सरळ होतो, हे मला नम्रपणे सांगायचं आहे. तिरपेपणा मला वर्ध्याला आल्यावर मिळाला.

१९९४ साली वर्ध्याच्या एका क्रीडा मंडळानं मला मागवून घेतलं. मंडळाचं सभागृह म्हणजे पूर्वीचं सरकीचं गोदाम. धुवायचं पाणी निघून जावं म्हणून फरशीला मोरीकडे उतार दिलेला. गोदामाला उत्तम, टेबलाला नाही. तरी काळजीचं काही नव्हतं. माझ्या चारही पायांखाली पेच आहेत. पान्यानं फिरवले की पाय हवा तेवढा वरखाली होतो. कारखान्याचा मिस्त्री त्यासाठीच सोबत आला होता. तीन पाय त्यानं बसवले. चौथ्याला पाना लावणार, एवढ्यात उद्घाटनाचा मुहूर्त आला.

उद्घाटक होते मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी. किराण्याचे ठोक व्यापारी, गावातल्या निम्म्या भांडणांचे पंच, आणि माणूस असा की गिऱ्हाइकाच्या बाजूचं पारडं नेहमी थोडं झुकतंच ठेवायचे. त्यांनी आयुष्यात क्यू, म्हणजे ती लांब काठी, हातात धरली नव्हती. बैलाला हळूच टोचावं तसं त्यांनी बॉलला टोचलं. बॉल पॉकेटापासून चांगला वीतभर बाजूला निघाला. सगळ्यांना ते दिसलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग बॉलचा वेग कमी झाला, त्यानं मोरीकडे वळण घेतलं आणि कोपऱ्यातल्या पॉकेटात जाऊन पडला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

मिस्त्री म्हणाला, "साहब, एक पाया बाकी है. झुका हुआ है, इसीलिए गया."

मंडळाचे चिटणीस पुंडलिकराव हार घेऊन उभेच होते. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. ते म्हणाले, "राहू द्या जी. पहिल्याच फटक्याले शकुन झाला. आता त्याले हात लावाचा नाई."

मिस्त्रीला गाडी पकडायची होती. पाना भिंतीच्या खिळ्याला अडकवून तो निघून गेला. त्या खिळ्याकडे बघत मी पुढचं सगळं आयुष्य काढलं.

त्या कोपऱ्याला 'अण्णाजींचं पॉकेट' असं नाव पडलं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात अण्णाजींच्या फटक्यानं व्हायची आणि त्यांचा बॉल कधी चुकला नाही. चुकणार कसा? मी होतो ना. हळूहळू खेळणाऱ्यांच्याही लक्षात आलं की नेम वीतभर बाजूला धरायचा, हात मऊ ठेवायचा आणि बाकीचं टेबलावर सोडायचं. जोरात मारायचं नाही; उताराला त्याचं काम करायला वेळ द्यायचा. याला लोक 'वर्धा पद्धत' म्हणू लागले. एखाद्या चुकीत पुरेशी माणसं तरबेज झाली की तिला पद्धत म्हणतात.

या पद्धतीत सगळ्यांत तयार झाला तो पुंडलिकरावांचा मुलगा योगेंद्र. कॉलेज सुटलं की सायकल थेट माझ्याकडे. बॉलकडे तो असा बघायचा की बॉललाच अवघडल्यासारखं व्हावं. नागपूर, अमरावतीचे खेळाडू यायचे, सरळ मारायचे आणि हरून जायचे. हरवायचो मी, टाळ्या मिळायच्या योगेंद्रला. माझंही कौतुक व्हायचं बरं का. दसऱ्याला मला तेलानं पुसत, झेंडूची माळ घालत आणि चौथ्या पायाला कुंकू लावत. ज्या पायाला पाना हवा होता, त्याला दरवर्षी कुंकू मिळायचं.

पुढे अण्णाजी देशपातळीवरच्या संघटनेत मोठ्या पदावर गेले. त्यांना पूल खेळता येत नव्हतं. पण सभा चालवता येत होती, आणि संघटनेचं अडलं होतं ते सभेवाचूनच. २००१ साली त्यांनी देशाच्या संघाचं शिबिर वर्ध्याला आणलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता. आपल्या गावाचं नाव व्हावं, पोरांना घरचं जेवण मिळावं, इतकंच.

देशभरातून खेळाडू आले. निवड माझ्यावरच व्हायची होती. दक्षिणेकडचा एक मुलगा होता. त्याचा हात मी कधी विसरणार नाही. त्याचा बॉल सुतासारखा सरळ निघायचा, शेवटी मोरीकडे वळायचा आणि पॉकेटाच्या बाजूला आपटायचा. शेवटी त्यानं माझ्यावर मधोमध एक बॉल ठेवला आणि हात काढून घेतला. बॉल चालू लागला. तो काही बोलणार, तेवढ्यात निवड समितीचे गृहस्थ म्हणाले, "टेबलाशी चाळे करू नका." मग ते शेजाऱ्याकडे वळून हळहळले, "गुणी आहे, पण नेम नाही."

जे खेळाडू चार दिवसांत वीतभर बाजूला मारायला शिकले, ते संघात गेले. योगेंद्र पहिला.

संघ परदेशी गेला आणि पहिल्याच फेरीत सगळे हरले. योगेंद्र परतला तो थेट माझ्याजवळ येऊन उभा राहिला. कापडावरून त्यानं हात फिरवला, वाकून माझ्या कडेला डोळा लावला, आणि घरी गेला.

आठवड्यानं कारणं शोधायची बैठक भरली. माझ्यावर कप मांडले गेले.

"पोरांले तिकडची हवा मानवली नाई," एक सभासद म्हणाले.

"हवा नाई जी, जेवण. पोळी भेटत नाई तिकडे."

"मी त म्हणतो दिवे. तिकडचे दिवे लय पांढरे. डोळे दिपते माणसाचे."

पुंडलिकरावांनी पाहुण्यांसाठी संत्र्यांची टोपली आणली होती. त्यातलं एक संत्रं निसटलं आणि माझ्यावरून आडवं-तिडवं चालत निघालं. मित्रांनो, त्या क्षणी माझा दगड धडधडला असेल. आता तरी दिसेल, मला वाटलं. संत्रं ज्याच्या समोर येई, तो बोलणं न थांबवता आपला कप उचलून त्याला वाट देई. सगळ्यांचे कप उचलून झाले आणि संत्रं अण्णाजींच्या पॉकेटात पडलं. पुंडलिकरावांनी ते काढलं, सोललं आणि फोडी वाटल्या.

"गोड आहे," अण्णाजी म्हणाले.

सराव कमी पडला, असं ठरलं. पुढचं शिबिर दुप्पट दिवसांचं घ्यायचं. इथेच.

तेव्हा योगेंद्र उठला. "अण्णाजी, तिकडचे टेबल सपाट आहेत."

"मंग?"

"आपला तिरपा आहे. मी नेम वीतभर बाजूले धरला, अन् बॉल वीतभर बाजूलेच गेला."

पुंडलिकरावांचा चेहरा पडला. चार माणसांत पोरानं अण्णाजींच्या पॉकेटावर बोट ठेवलं होतं. ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. टेबलावर ढकलून राह्यला काय रे? एक वर्ष अजून खेळ. संघात राह्यला त ठीक, नाई त क्यू माळ्यावर अन् तू दुकानात."

सगळे हसले. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यानं केली, त्यानं आपलं अंगण एकदा तरी पाणी ओतून पाहिलं होतं का, हे मला कुणीतरी सांगावं. हसले नाहीत ते फक्त अण्णाजी. ते हातातल्या फोडीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णाजी एकटे आले. योगेंद्र कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, खेळत नव्हता. अण्णाजींनी खिशातून एक संत्रं काढलं आणि माझ्या मधोमध ठेवलं. ते चालत गेलं आणि त्यांच्या पॉकेटात पडलं. त्यांनी ते पुन्हा ठेवलं. ते पुन्हा गेलं.

"योगेंद्र, थो पाना काढजो."

"बाबूजी रागावतील जी."

"पुंडलिकले मी पाह्यतो. इतके वर्ष लोक टाळ्या वाजवून राह्यले. थ्या माह्या होत्या का या पायाच्या, थे त समजू दे."

योगेंद्रनं पाना लावला. पंचाहत्तरीला आलेलं माणूस गुडघे टेकून फरशीवर बसलं आणि 'अजून जरासा, बस, जरासा मागं' असं सांगत राहिलं. गंजलेला पेच करकरला. शेवटी अण्णाजींनी संत्रं ठेवलं आणि ते विचार करत जागच्या जागी उभं राहिलं. कोलकाता सोडल्यापासून प्रथमच मला माझं वजन चारही पायांवर जाणवलं.

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. योगेंद्र आधी चुकत गेला, मग कमी चुकला, मग त्याचा हात सुटला. पूर्वी तो माझ्या आधारानं जिंकायचा; आता स्वतःच्या हातानं खेळत होता. अण्णाजी दुपारी यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि "हं" म्हणायचे. दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही. सराव करणारे बाकीचे म्हणत, पावसाळी हवेनं टेबल जड झाला.

आणि मग अण्णाजींचा अमृतमहोत्सव आला.

सभागृह भरलं. सुलोचनाबाईंनी, म्हणजे अण्णाजींच्या पत्नींनी, त्यांना ओवाळलं. मग सगळ्यांनी फटक्याचा आग्रह धरला. अण्णाजी म्हणाले, "आज नको." लोक म्हणाले, "अण्णाजी लाजून राह्यले." त्यांच्या हातात क्यू दिली गेली. त्यांनी नेहमीसारखं टोचलं. बॉल वीतभर बाजूला गेला आणि वीतभर बाजूलाच थांबला.

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. अण्णाजी मात्र हसले. "चुकला," ते म्हणाले. "हा माहा खरा फटका."

"टेबल बिघडला," पुंडलिकराव म्हणाले. "कोणं हात लावला याले?"

"मी लावला, पुंडलिक. आता थो बरोबर झाला."

पुंडलिकराव पाहुण्यांकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाहा जी. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यले. असा माणूस भेटत नाई."

टाळ्या थांबेनात. अण्णाजी दोनदा काही बोलायला गेले. प्रत्येक वेळी लोकांना त्यांच्या विनयाचं अधिकच कौतुक वाटलं. तेवढ्यात पुंडलिकराव नव्या कोटासकट माझ्याखाली शिरले आणि त्यांनी पेच होता तसा करून टाकला. अण्णाजींना पुन्हा मारायला लावलं. बॉल पॉकेटात पडला, बाहेर बँड वाजला. अण्णाजी बॉलकडे बघत नव्हते. ते योगेंद्रकडे बघत होते.

रागावू कुणावर? शत्रू असता तर सोपं होतं. तिथे सगळे प्रेमळ होते. पुंडलिकराव त्यानंतर रोज सकाळी येऊन चौथा पाय तपासू लागले. टेबलाला पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून.

पंधरवड्यानं निवड झाली. योगेंद्रचा हात आता सरळ झाला होता, आणि मी नव्हतो. जुन्या पद्धतीनं मारायचा त्यानं प्रयत्न केला, पण त्या हाताला ते जमेना. त्याचा प्रत्येक बॉल नीट निघायचा आणि मी त्याला ओढून बाजूला न्यायचो. मी नको नको म्हणत होतो, पण उतार दगडाचं ऐकत नाही. समितीचे तेच गृहस्थ हळहळले, "गुणी आहे, पण नेम नाही."

संघ त्याच्याशिवाय गेला आणि हरून आला. बैठक भरली. संत्री गोड होती.

योगेंद्र आता दुकानात बसतो. क्यू माळ्यावर आहे. बाजारातले लोक सांगतात, कापड फाडावं तर योगेंद्रनं. एक धागा इकडचा तिकडे होत नाही.

अण्णाजी २००७ मध्ये गेले. त्यांचा मोठा फोटो माझ्यासमोरच्या भिंतीवर, पान्याच्या खिळ्याच्या बरोबर वर लावला आहे. वाऱ्यानं तो थोडा कलतो. मग येणारा-जाणारा कुणीतरी थांबतो, चप्पल काढतो आणि दोन्ही हातांनी फोटो अगदी हळुवार सरळ करतो. मागे सरकून, एक डोळा मिटून, सरळ झाला का तेही बघतो. बघताना तो टेकलेला असतो माझ्यावर.

मित्रांनो, मला तेल नको, झेंडू नको, कुंकूही नको. ज्या वस्तूवर तुमचं प्रेम आहे, तिचा एक पाय आखूड आहे का, एवढं बघत जा. कधी वर्ध्याला आलात आणि फोटो सरळ करायला हात वर गेला, तर तोच हात थोडा खाली आणा आणि पाना काढा. अर्धा फेरा पुरे. फोटोतले अण्णाजी रागावणार नाहीत. ते कधीचे वाट बघत आहेत.