हर्डीकरांची कंबर

शैलेंद्र हर्डीकर या माणसाला "कसे आहात?" असं विचारण्यात काही अर्थच नव्हता. उत्तर ठरलेलं. "बरं आहे." ताप असो, दाढ ठणकत असो, ऑफिसात साहेबाने बिनपाण्याने केलेली असो, आपलं "बरं आहे." एकदा गाडीच्या दारात याचं बोट चेमटलं. दुसरा कोणी असता तर त्याने अख्खी बिल्डिंग गोळा केली असती. या महाशयांनी दुसऱ्या हाताने काचेवर टकटक केली आणि आत बसलेल्या बायकोला म्हणाले, "सुचित्रा, जरा दार उघडतेस का? सावकाश, घाई नाही." आता अशा नवऱ्याचं काय लोणचं घालायचं, ते तुम्हीच सांगा.

सुचित्राने बारा वर्षं त्याच्याशी संसार केला होता. दगडाला एकवेळ पाझर फुटेल, पण याच्या तोंडून "आई गं" निघायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सासरची सगळीच मंडळी तशी. दुखणं बोलून दाखवणं म्हणजे चारचौघांत धोतर सोडण्यासारखं, अशी त्यांची समजूत. त्यामुळे नवऱ्याची कंबर दुखते हे तिला कळलं ते त्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर तो बसायचा बंद झाला म्हणून.

खरंच बंद झाला. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, टीव्ही उभ्याने. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे खुर्च्यांवर आणि हर्डीकर मागच्या भिंतीपाशी, दोन्ही हात कमरेवर. "विठोबाच झालाय की! फक्त पायाखाली वीट द्यायची बाकी आहे," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळा हॉल हसला. शैलेंद्रही हसला. सुचित्राही हसली.

"फार दुखतं का हो?" तिने घरी आल्यावर विचारलं.

"नाही गं. उभं राहिलं की बरं वाटतं. डॉक्टरही म्हणाले, गोळ्या घ्या, पट्टा बांधा."

डॉक्टरकडे तो एकटाच जायचा. तिथे काय बोलायचा ते देव जाणे.

हर्डीकरांचं घर शारजाला आणि नोकरी दुबईत. एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढणाऱ्या एका कंपनीत तो होता. संध्याकाळी दुबईहून शारजाला येणारा रस्ता कसा तुंबतो, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळायचं. गोगलगायसुद्धा हॉर्न वाजवून पुढे जाईल. शैलेंद्र त्याच ऑफिसातल्या जहूरच्या गाडीतून यायचा. जहूर रत्नागिरीकडचा, बोलायला मोकळाढाकळा. एका संध्याकाळी तो शैलेंद्रला खाली सोडून गेला आणि पाचच मिनिटांत घरी त्याचा फोन आला. शैलेंद्र तेव्हा अंघोळीला गेला होता.

"वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या घरवाल्याला काय झालंय ते तुम्हांला माहीत आहे ना?"

"कंबर दुखते जरा. का हो?"

"जरा? अवो, जॅम लागला की हे उतरतात गाडीतून! मी गाडी हळूहळू काढतो आणि हे बाजूने पायी. रस्ता मोकळा झाला की आत येतात, पुन्हा तुंबला की पुन्हा खाली. आज पोलीस आडवा आला. विचारतो, भांडण झालंय काय तुमचं? मी म्हटलं, नाय हबीबी, याची कंबर गेलीय. तेव्हा कुठे सोडलंन. मागल्या सीटवर तोंडात रुमाल धरून बसतात, वहिनी. मला आरशात दिसतं."

सुचित्राने फोन ठेवला. तिला आधी रडू आलं आणि लगेच असा काही संताप आला की बाथरूमचं दार वाजवावंसं वाटलं. रुमाल तोंडात धरतोय! आणि घरात येऊन मला म्हणतो बरं आहे! बारा वर्षं मी काय परकी आहे का? पण तो बाहेर आला, भिंतीला धरून सावकाश घरात चालला, तेव्हा तिने राग गिळला. एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी डॉक्टरकडे मीही येणार आहे."

"कशाला तुला उगाच—"

"येणार आहे म्हटलं ना? खलास!"

डॉक्टर हमदुल्ला पेशावरकडचे. उंच, पांढऱ्या दाढीचे, फार शांत बोलणारे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हर्डीकर साहब, दस में से कितना दर्द है?"

"दो," शैलेंद्र म्हणाला. आणि मग जरा प्रामाणिकपणा करावा म्हणून, "ढाई."

सुचित्राच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे इतके महिने हा इथे येऊन दोन सांगतोय, अडीच सांगतोय, आणि तो बिचारा देवमाणूस अडीचच्या गोळ्या देतोय!

"डॉक्टरसाब, इनका दो मतलब दूसरों का नौ समझिए!" ती उसळलीच. तिचं हिंदी पुण्याचं, पण त्या दिवशी त्याला धार आली होती. "ये आदमी को बैठनाच नहीं आता! रस्ते पे गाडी के बाजू में पैदल चलता है! मुंह में रुमाल पकडता है! और आपको ढाई बोलता है!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ये सच है?"

शैलेंद्र ओशाळला. "हां... मतलब, ट्रॅफिकही वैसा होता है."

त्यानंतर चक्रं हलली. एमआरआय झाला. कण्यातली एक चकती सरकून डाव्या पायाच्या नसेवर बसली होती, आणि नुसती बसली नव्हती, चांगली ठाण मांडून बसली होती. डॉक्टर म्हणाले, नसेच्या जवळ इंजेक्शन देऊन पाहू. सूज उतरली तर उतरली. नाही उतरली तर ऑपरेशन.

ऑपरेशन म्हणजे काय हे त्या दोघांना कोणी समजावून सांगायला नको होतं. पुण्याला जायचं, महिनोन्महिने आडवं पडायचं, आणि कंपनी काय तोवर जागा धरून ठेवणार? नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, मुलाची, अथर्वची शाळा, सगळंच गेलं. सगळा डोलारा त्या एका सुईवर उभा होता. त्यात सुचित्राच्या बहिणीने फोनवर सांगून ठेवलं, "कण्यात सुई? अगं, पाय जातात म्हणे!" झालं. सुचित्राचं जेवणातलं लक्षच उडालं.

आणि इंजेक्शनच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी जे सांगितलं, ते तर त्याहून कठीण होतं.

"आपको बेहोश नहीं करेंगे," ते शैलेंद्रला म्हणाले. "सुई नस के बिल्कुल पास जाएगी. पाँव में बिजली जैसा कुछ हुआ तो फौरन बोलिए. उसी वक्त. आपके बोलने से ही मुझे पता चलेगा कि सुई नस को छू रही है. ये बहुत जरूरी है."

"जी, बोलूंगा," शैलेंद्र म्हणाला.

बोलूंगा! हा बोलणार! दारात बोट अडकलं तर "घाई नाही" म्हणणारा हा माणूस पायात वीज पडली म्हणून ओरडणार? डॉक्टर आत जायला वळले, तशी सुचित्रा त्यांच्या मागे धावली.

"डॉक्टरसाब, मैं अंदर आऊंगी."

"अंदर एक्स-रे चलता है, बेटी."

"चलने दो. ये बोलेगाच नहीं! आप सुई घुसाएंगे और ये बोलेगा बरं आहे, मतलब ठीक है! मेरेको मालूम है ये आदमी. हाथ जोडती हूं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिने खरोखरच हात जोडले होते. त्यांनी नर्सला हाक मारली, "रुकय्या, इनको एप्रन पहनाओ."

शिशाचा तो एप्रन असा जड की सुचित्राला वाटलं, आता आपलीच कंबर मोडते. शैलेंद्र पालथा झोपला होता, पोटाखाली उशी, चेहरा तिच्या बाजूला. तिने त्याचा हात धरला. रुकय्याने पाठीला औषध चोपडलं. पडद्यावर त्याचा कणा दिसत होता, राखाडी, मणक्यावर मणका. सुचित्राने तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे नजर लावली.

आधी बधिर करायची छोटी सुई झाली. मग लांब सुई. डॉक्टर पडद्याकडे बघत हळूहळू पुढे सरकत होते. "ठीक है, हर्डीकर साहब?"

"ठीक है."

"अब?"

"ठीक है."

आवाज तोच. चेहराही तोच, देवळातल्या नंदीसारखा. पण सुचित्राला त्याचा कान दिसत होता. कानाची पाळी लाल झाली होती आणि बघता बघता अख्खा कान लालबुंद झाला. बारा वर्षांत ही एवढी एकच गोष्ट त्याला लपवता आली नव्हती. तिच्या हातातली त्याची बोटं ताठ झाली.

"डॉक्टरसाब, रुको!" ती किंचाळली. मग वाकून नवऱ्याच्या तोंडाशी तोंड नेलं. "अहो, दुखतंय ना? बोला! इथे कोणी तुम्हांला हसणार नाहीये. अथर्वची शपथ आहे तुम्हांला, बोला!"

डॉक्टरांचा हात थांबला होता. आणि मग शैलेंद्र हर्डीकरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच ते झालं.

"मेलो!" तो ओरडला. "अयाईगं! मेलो, मेलो, मेलो गं! पाय जळतोय माझा! अंगठ्यापर्यंत! काढा ती सुई!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले असणार. डॉक्टरांनी शांतपणे सुई जराशी मागे घेतली. "क्या कह रहे हैं?"

"कहते हैं, मर गए," सुचित्रा रडत रडत म्हणाली.

"माशाल्ला," डॉक्टर म्हणाले. "अब मालूम हुआ नस कहाँ है. आपने अच्छा किया, साहब. ऐसे ही बोलते रहिए."

आणि तो बोलत राहिला. सुईची दिशा बदलली तेव्हा "आई गं" म्हणाला, औषध आत गेलं तेव्हा "ओढल्यासारखं होतंय, अरे देवा, केवढं ओढतंय" म्हणाला, पाठीला गार लागतंय म्हणाला, उशी टोचतेय म्हणाला. रुकय्या हसू दाबत होती. सुचित्रा मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, कोणी आरती म्हणत असावं तशी.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, आज बरं वाटेल ते बधिरतेचं औषध आहे, फसू नका. उद्या-परवा पुन्हा दुखेल. खरं काय ते आठवडाभराने कळेल, इन्शाल्ला.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा उठली, आणि तीही जोरात. शैलेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "दुखतंय गं." सुचित्राने शेक दिला, गोळी दिली, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. गेलं का हे सगळं फुकट? पुण्याची तिकिटं बघायची का आता? तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने काही सांगितलं नाही आणि तिचा विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवार उजाडला, सुट्टीचा. सुचित्रा पोहे परतत होती. बाहेरून अथर्वचा आवाज आला, "Baba, you're sitting!"

तिने गॅस बंद केला. हातात झारा तसाच. दारातून बघते तर शैलेंद्र डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसला होता. पेपर उघडलेला, एक पाय दुसऱ्या पायावर. त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. पोराच्या बोलण्यावर त्याने आधी पेपर खाली केला, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"हो की," तो म्हणाला. "बसलोय खरा."

बोललं की दृष्ट लागेल असं सुचित्राला वाटलं. ती आत गेली, चहा घेऊन आली, त्याच्यापुढे कप ठेवला. त्याने एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

बारा वर्षांत या माणसाने तिच्या चहाला कधी नाव ठेवलं नव्हतं! तिने साखरेचा अख्खा डबाच आणून त्याच्यापुढे आदळला, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शैलेंद्रने डबा उघडला, पण साखर घेतली नाही. झाकण हातातच राहिलं.

"सुचित्रा, फार दुखत होतं गं," तो म्हणाला. "इतके महिने. कधीकधी वाटायचं, त्या रस्त्यावरच आडवं व्हावं."

"मग बोलला का नाहीत हो मला?"

"तू घाबरली असतीस."

"आणि तुम्ही?"

त्याने झाकण डब्यावर ठेवलं. "मी घाबरलोच होतो," तो म्हणाला.

सुचित्राने शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसली. पोहे आत गार होत होते. कोणालाच उठायची घाई नव्हती.