चालीपुढचं नाव

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गायिकेने आणि तिच्या धाकट्या भावाने एकाच कागदावर 'चाल' या शब्दापुढे आपापलं नाव लिहिलं. वकीलबाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

"दोघांनी मिळून केली का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मग ठरवा. सह्या पाचच्या आत हव्यात. मालिकावाले थांबणार नाहीत."

टायरच्या दुकानावरच्या या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. गाणं इथेच झालं. शब्द बहिणीचे, ड्रम भावाचे, रेकॉर्डिंग तिच्या नवऱ्याचं. त्याबद्दल वाद नव्हता. मालिकेच्या शीर्षकगीताखाली संगीतकार म्हणून कोणाचं नाव जाणार, एवढाच प्रश्न होता. बारा वर्षं दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या बहिणीला ती जागा हवी होती.

"ताई, तू नुसते शब्द आणलेस. चाल मी टेबलावर बोटं वाजवत बसवली."

"तुझ्या बोटांना सूर कधी फुटले रे?"

"पुरावा आहे." भावाने चार वर्षांपूर्वीच्या तालमीचं रेकॉर्डिंग फोनवर शोधून लावलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग भावाचा ठेका. त्यावर कोणीतरी गुणगुणत होतं. तीच चाल, पहिल्या सुरापासून अखेरपर्यंत. आवाज पुरुषाचा होता, पण भावाचा नव्हता. मागोमाग गायिका बोलली होती, "अहो, काय म्हणालात ते? परत म्हणा ना."

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता.

"भावोजी, तुम्ही?"

"मला कुठलं आठवतंय! माइक लावताना माणूस काहीबाही गुणगुणतोच." तो बायकोकडे वळला. "तुझंच नाव राहू दे. माझी हरकत नाही."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "हक्क तुम्ही यांना लिहून देऊ शकता. चाल कोणी केली, ते मात्र खरंच लिहावं लागेल. मी आत्ता ऐकलंय."

"मला दान नकोय," गायिका म्हणाली.

"अगं, दान कसलं? घरातल्या घरात..."

"चार वर्षं मी लोकांना सांगत फिरले, चाल माझी आहे म्हणून. तेव्हा गप्प का बसलात?"

"तू खूश होतीस."

भावाने आपलं नाव खोडलं आणि ड्रमपुढे सही केली. दीड वाजता नवऱ्याने रेकॉर्डिंगपुढे केली. चालीपुढे नाव लिहायला तो तयार झाला नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी मालिकेच्या ऑफिसातून फोन आला. गायिकेने दहा मिनिटं मागून घेतली. कागदावर दोन सह्या आहेत. चालीपुढचं तिचं नाव तिने अजून खोडलेलं नाही.