शिलाईला कापड

साहेब, मास्तरांची नोकरी तुम्ही खाल्लीत. जुना कारखाना बंद पडला तो तुमच्यामुळे नाही, हे मान्य. पण दुसरं काम हातातोंडाशी आलं होतं, ते तुमच्या कचेरीच्या खिडकीने गिळलं. आणि वर त्यांनाच वेळेचं नियोजन शिकवायला तुम्ही मोकळे.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कापडाच्या साठ-साठ थरांवर खडूने रेघ मारून बावीस वर्षं सुरी चालवलेला माणूस. कापड वाचावं म्हणून आखतानाच बाहीच्या खळग्यात कॉलर बसवायची, कॉलरच्या बगलेत खिसा. चिंधी जास्त पडली तर त्या दिवशी त्यांना घास गोड लागत नसे.

रोजगार कचेरीत नाव लावलं तेव्हा तुमच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना एक पुस्तिका दिली. 'नोकरी शोधणं हीच नोकरी समजा. एक मिनिटही वाया घालवू नका.' मास्तरांनी ते मनावर घेतलं. ज्या जाड तपकिरी कागदावर शर्टाचे नमुने काढायचे, तोच कागद त्यांनी भिंतीला ठोकला आणि त्यावर आठवडा आखला. सहा ते सात आईची आंघोळ आणि गोळ्या. सात ते नऊ अर्ज. नऊ ते एक पायी फिरून वर्कशॉपची दारं. तुकड्याला तुकडा खेटून, मध्ये बोटभर फट नाही.

"अहो, श्वास कधी घेणार?" बायकोने विचारलं.

"चालता चालता."

"आणि माझ्याशी भांडायचं कधी?"

"रविवारी. चार ते साडेचार."

ती खळखळून हसली. त्या घरातलं ते शेवटचं हसू.

चार महिने सगळ्या दारांत एकच प्रश्न. वय काय? पन्नासला दोन कमी. बरं, कळवतो. एकाही माईच्या लालाने कळवलं नाही. मास्तर रात्रभर छताकडे बघत आणि सहाला मुकाट उठून आईचं पाणी तापवत.

पाचव्या महिन्यात फोन वाजला. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या वर्कशॉपच्या मालकीणबाई. "बुधवारी साडेअकराला या. एक तागा कापून दाखवा. हात पसंत पडला तर गुरुवारपासून टेबल तुमचं."

बुधवार हा तुमच्या शिक्क्याचाही वार. दर बुधवारी दहा ते अकराच्या आत खिडकीवर जातीने हजर राहायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा. चुकलं की यादीतून नाव कमी. नाव गेलं की आईच्या हृदयाच्या गोळ्या जिच्यावर मिळतात ती सवलतही बंद.

मास्तरांनी खडू घेतला. दहाला खिडकी. दहा वीसपर्यंत शिक्का. दहा पस्तीसची बस. अकरा पंचवीसला वर्कशॉपचं दार. बसलं, चपखल बसलं.

बुधवारी दहाला दहा कमी असताना ते रांगेत पहिले उभे होते. दहा वाजले. सव्वादहा वाजले. खिडकी बंद.

"मीटिंग चालू आहे," शिपाई म्हणाला.

"किती वेळ चालेल?"

"मीटिंग आहे काका, बस नाही. तिला कसलं वेळापत्रक?"

"दादा, कार्ड तुमच्याकडे ठेवून जातो. साडेअकराला कामाची परीक्षा आहे."

"माणूस समोर लागतो. उद्या तुम्ही मेलात आणि नुसतं कार्डच येत राहिलं तर?"

रांग हसली. मास्तरही हसले. शिपायाला दुखवून भागणार नव्हतं.

त्यांनी वर्कशॉपला फोन लावला. तिथल्या मशीनच्या धडधडीत तो कोणाला ऐकू जाणार? बस निघून गेली. पुढची चाळीस मिनिटांनी. दोनदा ते फाटकापर्यंत गेले, दोनदा परत फिरले. जावं तर आईच्या गोळ्या, थांबावं तर टेबल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तुमची ती लाकडी खिडकी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती उघडली. शिक्का मारायला चार सेकंद लागले.

मास्तर वर्कशॉपच्या दारात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. शर्ट अंगाला चिकटलेला, छाती भात्यासारखी हलत होती. टेबलापाशी दुसराच माणूस खडू घेऊन उभा. मास्तरांची नजर आधी कापडावर गेली.

"बाही उलटी फिरवा," ते धापा टाकत म्हणाले. "वीतभर कापड वाचेल."

मालकीणबाईंनी वाकून पाहिलं. "वाचेल खरंच. पण मास्तर, मी बारापर्यंत वाट पाहिली. सोमवारी माल द्यायचाय. यांना शब्द देऊन बसले."

"बाई, फक्त एक तागा कापू द्या. पाया पडतो."

"असं नका करू हो," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

घरी बायको भिंतीवरच्या कागदापुढे उभी राहिली. "शर्ट कापताना शिलाईला कापड सोडता ना?"

"सोडतो. अर्धा इंच."

"मग इथे का नाही सोडलंत?"

मास्तर खाली बसले. बावीस वर्षांत जी चूक एका शर्टात केली नाही, ती पुस्तिकेच्या नादाने आपल्याच आयुष्यात केली होती. एक मिनिटही वाया घालवू नका! ते म्हणाले, "सोडलं असतं गं. पण सत्तर मिनिटांची शिलाई कोणता शिंपी सोडतो?"

आभाळच फाटलं, ठिगळ कुठे लावणार?

पुढच्या बुधवारी बाईंनी खिडकीतून फॉर्म सरकवला. 'काम न मिळाल्याचं कारण.' खाली रिकामी चौकट.

"वेळेचं नियोजन नाही, असं लिहा. सगळे तेच लिहितात."

मास्तरांनी लिहिलं : खिडकी सत्तर मिनिटं बंद होती.

"हे चालणार नाही. खोडा."

"बाई, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. खोडणार नाही."

बाईंनी शिक्का मारला नाही. मास्तरांचं नाव गेलं. आईची गोळी आता एक दिवसाआड.

फॉर्म तुमच्या टेबलावर पडला आहे, साहेब. त्या सत्तर मिनिटांत मास्तरांनी कुठे उभं राहायला हवं होतं, तुमच्या खिडकीपुढे की वर्कशॉपच्या टेबलापाशी? पुस्तिका नको, मीटिंग नको. त्याच चौकटीत लिहा आणि खाली सही करा.