खांद्यावरचा हात

सरजाबाईनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि कॉम्प्युटरच्या काचेवरून घसाघसा फिरवलं.

"काकू, ते पुसून जायचं न्हाई," कारकून पंडित हळूच म्हणाला.

"धूळ पुसायलेय मी. डोळे हायेत मला."

काचेतून रुख्मिणीबाई तिच्याकडं बघत होती. शेजारच्या काचेतूनही तीच, आणि पलीकडच्या दोन टेबलांवरही तीच. सोनपेठच्या या महिला गृहउद्योग संस्थेची ती पहिल्यापासूनची अध्यक्षा. कुठलाही कॉम्प्युटर लावा, आधी तिच्या फोटोचं दर्शन, मग काम. पण मागच्या महिन्यात निवडणूक झाली आणि सरजाबाईनं तिला पाडलं. आता रुख्मिणीबाई काही परकी नव्हे, सख्खी थोरली जाऊ. अंगण एक, तुळस एक. मतमोजणीपासून शब्द मात्र एकही नाही.

आज सरजाबाई खुर्चीवर बसणार होती. तालुक्याचे साहेब यायचे होते, राणीसावरगावाकडच्या बाया जीप करून निघाल्या होत्या. ते यायच्या वेळी चारी पडद्यांवर नव्या अध्यक्षेचा फोटो उजळायचा, असा बेत पंडितनंच आखला होता. तो बिचारा रोज नवा फोटो लावून घरी जाई आणि सकाळी येऊन बघावं तर थोरली परत हजर.

"बाया काय म्हणतील? खुर्ची धाकटीची अन् हुकूम थोरलीचा," सरजाबाई म्हणाली. "अन् बघ की, खांद्यावर पाल बसल्यावानी काय हाय ते! फोटोला बसताना पदर झटकायचीबी अक्कल न्हाई."

फोटोत रुख्मिणीबाईच्या खांद्यावर, अगदी कडेला, काहीतरी काळपट होतं खरं.

"न्हाईच जमलं तर पडद्यांवर टॉवेल टाकू," पंडित म्हणाला. त्यानं घरून आणलेही होते.

"टॉवेल? जिती हाय ती अजून!"

आतल्या खोलीतून शिंक आली, मागोमाग दुसरी. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी परभणीहून बोलावलेली मधुवंती नाकाला रुमाल लावून बाहेर आली. चारी कॉम्प्युटरांना हुकूम सोडणारी सर्व्हरची काळी पेटी मिरची कांडायच्या खोलीला खेटून होती. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून पेटीच्या कपाळावर होतं.

"सापडलं," मधुवंती डोळे पुसत म्हणाली. "आधीच्या माणसानं सर्व्हरवर नियम घातला होता. सगळीकडं हाच फोटो, कुणी बदलायचा नाही. पंडितकाकांनी तो नियम काढून टाकलाय."

"मग ही कशी बसलीय अजून?"

"नियम गेला, पण या चारी कॉम्प्युटरांनी तो मनात धरून ठेवलाय. नुसता काढून भागत नाही, काकू. त्याच्या जागी दुसरा नियम द्यावा लागतो. तोवर जुनाच चालतो."

हे सरजाबाईला नव्यानं सांगायची गरज नव्हती, आधीच कळलेलं होतं. "आमची सासू कवाच गेली. पण थोरली अजून आमटीत मीठ टाकताना मागं वळून बघती."

"आणि तुम्ही?"

"मी ती असतानाबी बघत नव्हते."

मधुवंती खळखळून हसली, पण पंडित हसला नाही. तो दाराकडं बघत होता.

दारात रुख्मिणीबाई उभी होती. कपाटाच्या चाव्या रिवाजाप्रमाणं तिच्या हातून द्यायच्या होत्या. इस्त्रीचं लुगडं, पायात नवी चप्पल. ती आत आली, भिंतीकडच्या खुर्चीवर बसली आणि सरजाबाईला सोडून बाकी सगळीकडं बघून झाल्यावर मधुवंतीला म्हणाली,

"पोरी, चहा दिला का न्हाई तुला कुणी? का नव्या राज्यात बंद झालाय?"

"पंडित," सरजाबाई म्हणाली, "सांग त्यांना, चहा उकळायलाय. जुन्या राज्यातल्यासारखा पानचट न्हाई आमचा."

"पंडित, सांग म्हणावं, उकळून उकळून करपवू नका."

पंडितनं कुणालाच काही सांगितलं नाही. मधुवंती खाली मान घालून कामाला लागली. जुना फोटो ज्या कप्प्यातून येत होता तो तिनं उघडला. नवा तिथंच ठेवायचा होता. कप्प्यात दोन फोटो निघाले. एक नेहमीचा. दुसरा तिनं उघडला आणि तो पडदाभर पसरला.

येलदरीचं धरण. संस्था निघाली त्या साली बायांची सहल गेली होती. मधोमध तीच रुख्मिणीबाई, पण एक पाय उघडा. चप्पल पाण्यात वाहून गेलेली. आणि तिच्या शेजारी दाढा दिसेपर्यंत तोंड उघडून हसणारी सरजाबाई. हसता हसता पडू नये म्हणून तिनं जावेचा खांदा धरला होता. मनगटावर गोंदलेला विंचू लख्ख दिसत होता.

"पाल न्हवं, काकू," पंडित म्हणाला. "विंचू हाय. तुमचाच."

सरजाबाईनं बांगड्या पुढं ओढून मनगट झाकलं.

"मला कुणी कापलं, पंडित?"

"तवाच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं. अध्यक्षा एकट्या पाहिजेत म्हणला. त्यानं हातबी काढला होता. थोरल्या काकूंनी परत लावायला लावला. तेवढा ऱ्हाऊ दे म्हणल्या."

"त्याला धड कापता येईना," रुख्मिणीबाई भिंतीला म्हणाली. "हातासंगं माझा खांदा चालला होता. म्हणून म्हणलं."

 शेजारची मिरची कांडायची मशीन नेमकी त्याच वेळी थांबली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला, आणि एकदम दहा-पंधरा बायांचा कालवा आत आला.

"काकू, लवकर सांगा," मधुवंती म्हणाली. "हा तुमचा स्टुडिओतला टाकू ना?"

गंगाखेडच्या स्टुडिओतल्या त्या फोटोत सरजाबाई नव्या साडीत समोरच्याची जबानी घ्यायला बसल्यासारखी बसली होती. फोटोग्राफरनं हसा म्हटलं होतं. तिनं कशाला म्हणून विचारलं होतं.

ती त्या फोटोकडं न बघताच रुख्मिणीबाईकडं वळली.

"ती दुसरी चप्पल तुमी काय केली वो, अक्का?"

रुख्मिणीबाईच्या हातातल्या चाव्या वाजल्या.

"मी काय करणार? तूच काढून टाकलीस पाण्यात. एकटी काय कामाची, म्हणलीस. बसस्टँडपोस्तर उघड्या पायानं चालवलंस मला."

"मग माझ्यातली एक दिली की तुमाला."

"दिलीस. उजव्या पायाला डावी."

मधुवंतीला पुन्हा शिंक आली, का हसू, ते कळलं नाही.

"पोरी, हाच लाव," सरजाबाई म्हणाली. "अख्खा."

"काप की जरा," रुख्मिणीबाई घाईघाईनं म्हणाली. "साहेब यायलेत. हिच्या दाढा मोजतील."

"मोजू द्या. दाढा हायेत म्हणून मोजतील."

मधुवंतीनं फोटो कप्प्यात ठेवला, दोन-चार बटणं दाबली आणि बोट थांबवून विचारलं,

"आणि नियम? जुन्यासारखाच घालू? म्हणजे कुणी बदलायचा नाही?"

"घाल. अन् टाळं पक्कं लाव. माझ्यामागून खुर्चीवर जी कुणी येईल, तिचीबी अशीच फजिती झाली पाहिजे."

एकेक पडदा काळा झाला आणि एकेक उजळला. बाया दारात दाटल्या. पुढच्या दोघी-तिघी पडद्याकडं बोट दाखवून आधी कुजबुजल्या, मग फिदीफिदी हसायला लागल्या.

रुख्मिणीबाईनं, चप्पल पायात असूनही, एक पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.